पैशे खंयसून इले?

धुरीसाहेबांच्या हातावर पेढा ठेवला, तर ते तो तोंडात टाकत नाहीत. आधी पेढ्याकडे बघतात, मग देणाऱ्याकडे बघतात आणि विचारतात, "सोर्स?"

मी नोकरीत कायम झाले तेव्हा अख्ख्या शाखेत पेढे वाटले होते. बाकीच्यांनी "अरे वा, झकास" म्हणत दोन-दोन उचलले. धुरीसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. मला वाटलं, दुकान विचारतायत.

"दुकान खोक्यावर लिहिलंय, वाचता येतं मला," ते म्हणाले. "पैसे कुठले? कायम झाल्याची ऑर्डर आज आली. वाढलेला पगार पुढच्या महिन्यात. मग आजचे पेढे कशातले?"

"आईने दिले, साहेब."

"आईचं उत्पन्न?"

"शिवणकाम."

मग त्यांनी पेढा खाल्ला. खाता खाता म्हणाले, "बघ, दोन प्रश्नांत साफ. लोक उगीच घाबरतात."

धुरीसाहेब आमच्या सहकारी बँकेच्या भांडुप शाखेत कम्प्लायन्स ऑफिसर आहेत. म्हणजे काय, हे मला माझ्या घरी अजून नीट सांगता आलेलं नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बीकॉम, फर्स्ट क्लास. हे मी न विचारता सांगते, कारण विचारणारं कोणी भेटत नाही. तर सोपं करून सांगते. देशात काळा पैसा आहे. तो लाचेचा असतो, चोरीचा असतो, नशेच्या धंद्याचा असतो. चार खात्यांतून फिरवून आणला की तो अंघोळ करून, पावडर लावून, सभ्य गृहस्थासारखा बाहेर पडतो. तसं होऊ नये म्हणून सरकारने कायदा केला. कायद्यातून नियम निघाले, नियमांतून परिपत्रकं निघाली, आणि ती सगळी परिपत्रकं दिल्लीहून घरंगळत घरंगळत भांडुप स्टेशनबाहेर, भाजीवाल्यांच्या मागे, पहिल्या मजल्यावर धुरीसाहेबांच्या टेबलापाशी येऊन थांबली. पुढे भिंत होती. त्यामुळे देशाची अर्थव्यवस्था सध्या त्या टेबलावरून सांभाळली जाते.

हजारो कोटी बुडवून माणसं विमानात बसून निघून जातात, ते सोडा. विमानतळ अंधेरीला आहे, आमच्या शाखेच्या हद्दीत येत नाही. आमच्या हद्दीत वडापाववाला येतो, रिक्षावाला येतो आणि पापड लाटणाऱ्या बायका येतात. त्यांच्यावर आमची करडी नजर आहे.

रोज सकाळी संगणक एक यादी देतो. कोणाच्या खात्यात नेहमीपेक्षा वेगळं काही घडलं, की त्याचं नाव लाल अक्षरांत. त्याला अलर्ट म्हणतात. एकाने चौकशी करायची, शेरा लिहायचा. दुसऱ्याने तपासून मंजूर करायचा. शंका फिटली नाही तर रिपोर्ट वर. चौकशी एकाची, मंजुरी दुसऱ्याची, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात पवित्र नियम. पहिल्या वर्षी साहेबांनी मला बाजूला बसवून चौकशी शिकवली. ती अशी.

पापडवाल्या मावशींच्या खात्यात एकदम रोकड आली. भिशी लागली होती.

"भिशीत बायका किती?" साहेब.

"बारा."

"त्यांचे नवरे काय करतात?"

"काही करीत नाहीत म्हणून तर भिशी लावतो, साहेब!"

साहेबांनी हे उत्तर शब्दशः शेऱ्यात घातलं. हेड ऑफिसने मंजूर केलं. मला वाटतं, देशाच्या अर्थव्यवस्थेबद्दल आमच्या बँकेने लिहिलेलं ते सर्वांत खरं वाक्य असेल.

गणपतीनंतर मंडळाचे अध्यक्ष गोणीभर नाणी आणि नोटा घेऊन आले. त्यात एका पाकिटावर नुसतं लिहिलेलं, गुप्तदान. साहेब खुर्चीतून उठले.

"गुप्त म्हणजे? खरा मालक कोण या पैशाचा?"

"बाप्पा," अध्यक्ष म्हणाले.

"बाप्पाचा पत्त्याचा पुरावा?"

"साहेब, बाप्पा गेला ना परवा विसर्जनात! आता काय, खाडीत उतरू?"

तेव्हा पूर्ण शाखा हसली, साहेब सोडून. त्यांनी शांतपणे शेरा लिहिला: 'मूळ मालक उपलब्ध नाही, पुढील वर्षी येणे अपेक्षित.'

त्यांची सवय बँकेबाहेरही सुटत नाही. एकदा संध्याकाळी मी त्यांना बाजारात बांगडे घेताना पाहिलं. कोळीण वाटा लावत होती आणि हे विचारत होते, कुठल्या बंदरातून आले, कोणाच्या बोटीचे. तिने कोयता आपटला. "मासा दर्यातून आलाय रे दादा! जा, दर्याला पॅनकार्ड माग!" साहेबांनी मान डोलावली, जणू कल्पना वाईट नव्हती.

साहेब एरवी शुद्ध बोलतात, ऑफिसातल्यासारखं. पण प्रश्न मनाला लागला की आतलं मालवण बाहेर येतं. "सोर्स काय?" असं विचारलं तर समजावं, उपचार आहे. "पैशे खंयसून इले?", म्हणजे पैसे कुठून आले, असं विचारलं, की खातेदाराने पाणी मागवावं.

माझे वडील रिटायर झाले तेव्हा फंडाचा चेक घेऊन शाखेत आले. बुलढाण्याकडून आलेला माणूस, जन्मभर एका कंपनीच्या गेटवर वॉचमन. मी लांब काउंटरवर होते आणि मनात म्हणत होते, आता माझ्या बापाची वाट लागली. अर्धा तास साहेब विचारत होते आणि पप्पा हातवारे करत काहीतरी सांगत होते. मी घरी गेल्यावर भांडायच्या तयारीत होते. पप्पा चहा पीत म्हणाले, "तुमचा तो धुरी चांगला माणूस आहे बरं का. एवढ्या वर्षांत मला कोणी इतकं विचारलं नव्हतं."

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस गरिबांनाच छळतो. तसं नाही. त्यांनी एकदा मोठ्यालाही छळलं, म्हणून तर ते भांडुपला आहेत. आधी ते अंधेरीच्या हेड ऑफिसात होते, काचेच्या केबिनमध्ये. तिथे एका बिल्डरचे पैसे तीन कंपन्यांतून फिरून परत त्याच्याच चौथ्या कंपनीत आले. कागद चोख होते. चोख कागदांना आमचा संगणक कधी लाल करत नाही. पण धुरीसाहेबांनी स्वतः फाइल उघडली आणि बिल्डरला थेट विचारलं, "पैशे खंयसून इले?" बिल्डर हसला. संचालक मंडळही हसलं. शेरा आला, 'ग्राहक मंडळास व्यक्तिशः परिचित आहे.' पुढच्या महिन्यात साहेबांची बदली झाली. तिथे एसी होता, इथे पंखा आहे आणि पंख्याखाली केणीसाहेब आहेत.

केणी आमचे मॅनेजर. माणूस वाईट नाही, फक्त प्रत्येक कागदावर 'क्लोज कर ना यार' एवढंच म्हणतो.

तर एका सकाळी लाल यादीत नाव आलं: धुरी, भालचंद्र. आमचेच.

स्टाफच्या खात्यांवरही संगणकाची नजर असते. साहेबांच्या बचत खात्यात दर महिन्याच्या सुरुवातीला रोकड पडत होती. आमच्याच दहिसर शाखेबाहेरच्या मशीनमधून, कोणी तिसरीच व्यक्ती भरत होती, आणि अनेक महिने त्यातला एक पैसा निघालेला नव्हता. साहेबांनी जन्मभर ज्याला संशयास्पद म्हटलं, त्याचा हा नमुना पाठच होता.

शाखेत आनंदीआनंद झाला. कॅशियर म्हणाला, "साहेब, दहिसरला काय? चेकनाक्याचा हप्ता?" कोणीतरी शिटी वाजवली.

केणी म्हणाले, "अरे धुरी, लिही ना, स्टाफ आहे, संशय नाही. क्लोज कर."

"मी कसा लिहू? माझं खातं. चौकशी खंडारे करेल, मंजुरी तुम्ही द्या."

"मी?" मी म्हटलं.

"बीकॉम ना तू?"

हे त्यांनी बरोबर नेम धरून मारलं. मी फाइल घेतली.

साहेब उठले, टेबलाला वळसा घातला आणि खातेदाराच्या खुर्चीत बसले. ती खुर्ची डावीकडे कलते. आम्ही तीनदा तक्रार केली होती आणि त्यांनी तीनदा म्हटलं होतं, "कलत नाही, माणूस कलता बसतो." आता ते स्वतः डावीकडे कलून बसले होते. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती.

"नाव?"

"भालचंद्र अनंत धुरी."

"उत्पन्नाचं साधन?"

"पगार. इथलाच."

"कुटुंबातली माणसं?"

"घरात मी. एकटाच."

"आणि दहिसरहून येणारी रोकड? सोर्स?"

"माहीत नाही."

मी हसले. "साहेब, हे उत्तर वडापाववाल्याने दिलं असतं तर तुम्ही त्याला उठू दिलं असतं का?"

"नाही."

"मग अंदाज सांगा."

"अंदाज आसा," ते म्हणाले. आवाज खाली गेला होता. "विचारूक नाय."

ज्या माणसाने पेढ्याला सोडलं नाही, त्याने आपल्याच खात्यातल्या पैशाला विचारलं नव्हतं. माझी मजा तिथेच संपली. मी पेन खाली ठेवलं.

मग त्यांनी सांगितलं, आणि तेही शेरा लिहायला सोपं जावं असं, क्रमाने. त्यांना एक मुलगा आहे, सुहास. कॉलेज अर्धवट सोडून रूम भाड्याने लावून देणारा एजंट झाला. बापाला ते आवडलं नव्हतं. दलाली रोख, पावती नाही. मग आई आजारी पडली. मुलुंडच्या हॉस्पिटलात ऑपरेशनच्या आधी डिपॉझिट मागितलं. साहेबांचे पैसे मुदत ठेवीत, मोडायला एक दिवस लागणार. सुहास धावत आला आणि नोटांचं पाकीट बापासमोर धरलं. काउंटरवर रांग होती, नातेवाईक होते.

"आणि तुम्ही विचारलंत," मी म्हटलं.

"विचारलंय. सगळ्यांसमोर. पैशे खंयसून इले."

आई आत स्ट्रेचरवर, आणि बाहेर बापाने पोराची केवायसी केली.

 सुहासने पाकीट काउंटरवर ठेवलं, पावती आईच्या नावाने घेतली. ऑपरेशन झालं, पण दोन महिन्यांनी ती गेलीच. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मुलगाही घर सोडून गेला. त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून फोन नाही, येणं नाही. मग गेल्या वर्षी एका महिन्यात खात्यात पैसे दिसले. पुढच्या महिन्यात पुन्हा.

"तोच कशावरून?"

"दुसरो कोण माका पैशे देतलो गो?" साहेब म्हणाले. "पगारापलीकडे माका कधी कोणी काय दिल्यानी नाय."

"मग फोन करून विचारायचं होतंत."

"विचारलंय आणि पैशे बंद झाले तर? पैशांचा काय नाय गो. आठ-पंधरा दिवस उशीर झालो तरी माका झोप नाय. पैशे इले म्हणजे तो बरो आसा, एवढाच माका कळता."

मी केणींच्या केबिनकडे पाहिलं. हळूच म्हटलं, "साहेब, मी लिहिते ना. स्टाफ, संशय नाही. कोण बघतंय?"

ते एकदम ताठ झाले. खुर्चीत जमेल तितके. "वडापाववाल्याक मी तसो सोडलंय काय?"

आता अडचण अशी होती. 'सोर्स माहीत नाही' लिहिलं, तर रिपोर्ट हेड ऑफिसला जाणार. हेड ऑफिसला साहेबांवर प्रेम होतंच. ते भरणाऱ्याला शोधणार, फोन करणार, बोलावून घेणार आणि विचारणार, तुम्ही धुरींच्या खात्यात पैसे का भरता, कुठून आणता. म्हणजे सुहासला वाटणार, बापाने पुन्हा तेच केलं, आणि या वेळी बँकेचा शिक्का मारून केलं. पुढच्या महिन्यात मशीन रिकामं. देशाच्या आर्थिक सुरक्षेसाठी एका बापाचा मुलगा जिवंत असल्याची खबर बंद होणार, आणि कागदोपत्री हे यशस्वी कारवाई म्हणून मोजलं जाणार.

एकच वाट होती. मशीनचा कॅमेरा. चौकशी अधिकाऱ्याला फुटेज मागता येतं.

"साहेब, तुम्ही आधी कधीच नाही पाहिलंत? तुमच्या एका मेलवर आलं असतं."

"चौकशी नसताना फुटेज मागवणं म्हणजे अधिकाराचा गैरवापर."

हा माणूस इतके महिने मुलाचा चेहरा एका मेलच्या अंतरावर ठेवून बसला होता, कारण नियमात बसत नव्हतं. मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं. त्याऐवजी मी दहिसरला मेल केला. दुपारी फुटेज आलं.

"तू बघ," साहेब म्हणाले. "माझ्या विरुद्ध चौकशी आहे. मी बघणं बरोबर नाही."

"आणि ओळखणार कोण? मी तुमच्या सुहासला पाहिलेलं नाही. मी तर कुठल्याही दाढीवाल्याला तुमचा मुलगा म्हणेन."

 ते आपली कलती खुर्ची ओढत माझ्या बाजूला आले.

फुटेजला आवाज नव्हता. मशीनचा काचेचा गाळा, उजेड पांढरा. एक माणूस आत आला, हातात हेल्मेट. तिशीचा, पोट थोडं सुटलेलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "तोच," म्हणाले. "जाडो झालो."

माझं काम तिथे संपलं होतं. ओळख पटली. मी थांबवणार, तेवढ्यात त्या माणसाने हेल्मेट खाली ठेवलं, वाकला आणि कॅमेऱ्याच्या खालून कोणाला तरी उचललं. एक मुलगी. दोन वेण्या, शाळेचा गणवेश. त्याने तिला कडेवर घेतलं, आणि तो काहीतरी बोलत गेला तसतशी ती एकेक आकडा दाबत गेली. खात्याचा नंबर. एका ठिकाणी ती थांबली. त्याने तिच्याकडे पाहिलं, तिने स्वतःच आठवून पुढचा दाबला आणि हसली. नोटा आत गेल्या. पावती आली तेव्हा दोघांत झटापट झाली आणि ती जिंकली.

 कॅशियर काहीतरी विनोद करायला आला होता, तो आमच्या मागे उभा राहिला आणि तसाच परत गेला.

"नाक आमच्या घराण्याचा," साहेब म्हणाले. मग, "केवढी असात गो?"

"पहिलीत असेल, साहेब."

"म्हणजे तो गेलो तेव्हा..." ते म्हणाले आणि बोटांवर काहीतरी मोजू लागले. मोजणी अर्ध्यात सोडली. "पुन्हा लाव."

मी पुन्हा लावलं. तीनदा. चौकशीला एकदाच लागतं.

मग मी शेरा लिहिला. 'फुटेज पाहिले. रक्कम भरणारी व्यक्ती: एक. खातेदाराने ओळख पटवली, मुलगा. कौटुंबिक मदत. संशय नाही.' केणींना द्यायच्या आधी साहेबांसमोर धरला.  हा माणूस आता नात्याचा पुरावा मागणार, रेशनकार्ड मागणार, आणि ते आणायला पुन्हा त्या मुलालाच फोन करावा लागणार.

साहेबांनी वाचलं. पुन्हा वाचलं.

"चूक आहे."

"काय चूक?"

"व्यक्ती एक नाय. दोन. बटणां कोणी दाबली?"

मी खोडून 'दोन' केलं. "दुसरीचं नातं?"

"नात."

"नाव?"

ते साहेबांना माहीत नव्हतं. आमच्या शाखेत नावाचा रकाना आजवर कोणी रिकामा सोडू शकलेलं नव्हतं. गणपतीचाही नाही. मी म्हटलं, "राहू दे साहेब, 'नाव उपलब्ध नाही' लिहिते. केणीसाहेब बघणारही नाहीत."

"नको. रिकामो ठेव." त्यांनी खिशातून मोबाइल काढला. नंबर शोधावा लागला नाही. "विचारून येतंय."

ते बाहेर जिन्यापाशी गेले. काचेतून मला पाठमोरे दिसत होते. मोबाइल कानाला, आणि मोकळ्या हाताने ते शर्टाची कॉलर सारखी करत होते, पलीकडून कोणी बघणार असल्यासारखे. बराच वेळ फोन वाजत असावा. मग त्यांचा हात कॉलरवरच थांबला. कोणीतरी उचलला होता.

मी वाट बघत होते की आता त्यांचा आवाज येईल, पहिला प्रश्न येईल. आला नाही. नाव विचारायला गेलेला माणूस काहीच विचारत नव्हता. नुसता ऐकत उभा होता.